भट्टी थंड झाल्यावर

जर्मनीच्या पश्चिम भागात एम्शर नावाची नदी आहे. डॉर्टमुंडच्या बाजूला उगम, ऐंशीएक किलोमीटरची वाटचाल आणि मग ऱ्हाइन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नदीचं गटार करायचं ठरलं. आपल्याकडे नद्यांची गटारं कोणी न ठरवताच होतात. एम्शरच्या बाबतीत मात्र 1899मध्ये रीतसर संस्था स्थापन झाली, गावं, खाणी आणि कारखाने तिचे सभासद झाले, अभियंते नेमले गेले, नदी सरळ करून तिच्या तळाला आणि काठांना काँक्रीट घातलं गेलं. कारण अगदी व्यवहारी होतं. एम्शर ज्या रूर पट्ट्यातून वाहते त्याच्या पोटातून कोळसा निघत होता आणि पोट रिकामं होईल तशी वरची जमीन खचत होती, काही ठिकाणी तर वीस मीटरहूनही अधिक. अशा जमिनीत मैल्याच्या बंद वाहिन्या घातल्या तर त्या फुटणारच. उघडं गटार निदान दुरुस्त तरी करता येतं. शिवाय खळग्यांत घाण साचून रोगराई माजली होती, तिला वाट हवी होतीच. मग शंभर वर्षं गावोगावचा मैला आणि कारखान्यांचं पाणी घेऊन एम्शर वाहत राहिली. काठाला कुंपण, कुंपणावर धोक्याच्या पाट्या.

कोळसा आणि पोलाद चालू होतं तोवर हे सगळं चालून गेलं. 1950च्या दशकात रूरच्या खाणींवर जवळपास पाच लाख माणसं कामाला होती. मग तेल स्वस्त झालं, परदेशातला कोळसा जर्मन कोळशापेक्षा स्वस्त पडू लागला, आणि पुढे पोलादालाही घरघर लागली. खाणी एकेक करून बंद झाल्या. शेवटची, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, 2018च्या डिसेंबरमध्ये. मागे राहिल्या थंड झालेल्या झोतभट्ट्या, कोक भाजण्याच्या भट्ट्यांच्या रांगा, धातुमळीचे आणि खाणमातीचे डोंगर, गंजलेले रूळ आणि शेकडो हेक्टर जमीन, जिच्यात डांबर, फिनॉल आणि जड धातू मुरलेले.

शहराची अवकळा ज्या चक्राने वाढत जाते ते इथे स्वच्छ दिसतं. जमीन विषारी, म्हणून ती घ्यायला कोणी तयार नाही. कोणी घेत नाही म्हणून नवा उद्योग येत नाही. उद्योग नाही म्हणून तरुण माणसं गाव सोडतात आणि पालिकेचा महसूल घटतो. महसूल नाही, तर जमीन स्वच्छ करायची कशातून? या चक्रात एक पाचर होती. बहुतेक पडीक जमीन खाण आणि पोलाद कंपन्यांच्याच नावावर होती आणि त्या ती सोडत नव्हत्या. कधी काळी भाव येईल ही आशा होती, आणि विकायला काढली तर ती साफ कोण करणार हा प्रश्न अंगावर येईल ही भीतीही. हे लक्षात आल्यावर 1980च्या सुमारास नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने सरकारी पैशातून एक जमीन निधी उभा केला. कंपन्यांच्या पडीक जागा विकत घ्यायच्या, साफ करायच्या, मग त्यांचं काय करायचं ते बघू.

रूरमधल्या बागांविषयी बरंच लिहिलं जातं. या निधीविषयी कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते मात्र सगळी गोष्ट इथून सुरू होते. जमीन आधी सार्वजनिक हातात आली, झाडं नंतर.

दहा वर्षांचं प्रदर्शन

1989मध्ये राज्य सरकारने एम्शरच्या पट्ट्यासाठी एक योजना सुरू केली. जर्मनीत ‘आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन’ नावाची जुनी परंपरा आहे. ठरावीक मुदतीत वास्तुकलेचे नवे प्रयोग प्रत्यक्ष बांधून दाखवायचे, असा तिचा साधारण अर्थ. एम्शर पार्क हे त्यातलंच एक प्रदर्शन. कालावधी दहा वर्षं, 1989 ते 1999. सतरा गावं-शहरं, सुमारे 800 चौरस किलोमीटरचा पट्टा, आणि अखेरीस शंभराहून अधिक प्रकल्प. सूत्रधार होते कार्ल गान्झर. त्यांच्या हाताखालची मंडळी थोडी होती आणि स्वतःची मोठी तिजोरी नव्हती. पैसा राज्याच्या, केंद्राच्या आणि युरोपीय योजनांमधूनच यायचा. हे कार्यालय स्पर्धा भरवायचं, दर्जा तपासायचं आणि कोणाचं कोणाशी जमवून द्यायचं ते बघायचं. मुदत संपल्यावर कार्यालय खरोखरच बंद झालं. सरकारी यंत्रणा दिलेल्या तारखेला स्वतःला गुंडाळते हे आपल्या वाचकाला पटायला जड जाईल, पण झालं तसंच.

योजनेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. विकास आधी आणि उरलेल्या जागेत बाग, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. आधी सगळा पट्टा एक सलग निसर्गभूमी मानायचा. तिच्यात घरं, कचेऱ्या आणि संशोधन केंद्रं कुठे बसतील ते नंतर ठरवायचं. जुन्या मालगाड्यांचे मार्ग सायकलवाटा झाले. खाणमातीच्या टेकड्यांवर पायऱ्या आणि मनोरे आले. सपाट प्रदेशात राहणाऱ्या लोकांना आयते डोंगर मिळाले.

जुन्या कारखान्यातली बाग

यातला सगळ्यात नावाजलेला प्रकल्प डुइसबुर्गच्या माइडेरिश भागात आहे. ऑगस्ट थिसनने तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडाचा कारखाना उभारला होता. 1985मध्ये तो बंद पडेपर्यंत त्यातून 3 कोटी 70 लाख टन कच्चं लोखंड बाहेर पडलं. बंद झाल्यावर भंगारवाल्याला देऊन मैदान मोकळं करायचं, हाच सरळ मार्ग होता. त्याला विरोध केला तो परिसरातल्या नागरिकांनी आणि जुन्या कामगारांनी. पाडायलाही प्रचंड पैसा लागणार होता, हा मुद्दा त्यांच्या मदतीला आला. मग पाच संघांकडून आराखडे मागवले गेले आणि पेटर लाट्स या भूदृश्यरचनाकाराचा आराखडा निवडला गेला. 1994मध्ये सुमारे 180 हेक्टरचं हे उद्यान लोकांसाठी खुलं झालं. तिकीट नाही आणि रात्रीही दार बंद होत नाही.

लाट्सने काय केलं हे सांगण्यापेक्षा काय केलं नाही ते सांगणं सोपं. त्याने कारखाना झाकला नाही. झोतभट्टी जागेवर ठेवली. पाच नंबरच्या भट्टीवर लोक सत्तर मीटर वर चढून जातात आणि खाली पसरलेलं रूर बघतात. लोहखनिज साठवायच्या जाडजूड काँक्रीटच्या कोठ्या होत्या, त्यांच्या भिंती गिर्यारोहकांनी सरावाला घेतल्या. वायू साठवायची अजस्र टाकी होती, तिच्यात वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी भरलं आणि आता तिच्यात पाणबुड्यांचे वर्ग चालतात. समुद्रापासून इतक्या लांब, तेरा मीटर खोल, तळाशी मुद्दाम बुडवून ठेवलेली एक नौका.

एका कोपऱ्यात मात्र थांबायला हवं. झोतभट्ट्यांच्या मधोमध एक चौक आहे, त्याच्या फरशा लोखंडाच्या. एकूण 49, सातास सात अशा मांडलेल्या, एकेकीचं वजन सात-आठ टन. कारखाना चालू असताना या पट्ट्या ओतकामाच्या जागी, वितळलेल्या लोखंडाचा मारा सोसत पडून होत्या. उष्णतेने त्यांचा पृष्ठभाग खवल्यांसारखा झालेला. लाट्सच्या माणसांनी त्या उचलल्या, घासूनपुसून चौकात बसवल्या, वर काहीही लावलं नाही. पावसात त्या गंजतात, पाय पडून गुळगुळीत होतात. ज्या कामगारांनी आयुष्यभर तिथे घाम गाळला त्यांना आपल्या कामाची वस्तू आजही पायाखाली सापडते. ‘सौंदर्यीकरण’ या आपल्या पालिकांच्या लाडक्या शब्दात हे बसणार नाही. त्या शब्दात जांभा दगडाचं प्रवेशद्वार, फायबरचे मोर आणि रंगीत कारंजं येतं.

आता मातीचं. विषारी जमिनीवर झाडं लावली की ती विष शोषून घेतात, असा एक गोड समज सगळीकडे आहे. थोडं खरं आहे, बरंच नाही. डांबरातली आणि कोळशाच्या धुरातली जी कार्बनी विषं असतात, त्यांतली काही मातीतले जिवाणू हळूहळू फोडतात. मुळांच्या आसपास जिवाणूंची वस्ती दाट असल्यामुळे झाडांनी त्याला वेग येतो. पण हा वेग वर्षांचा, दशकांचा. शिसं, कॅडमियम, जस्त हे जड धातू तर फुटतच नाहीत. झाडाने ते शोषले तर पानांत जातात, पानं गळली की परत मातीत. झाड कापून नेलं नाही तर हिशेब जिथल्या तिथे. म्हणून प्रत्यक्षात तीन उपाय मिसळून वापरावे लागतात. अतिविषारी माती काढून कुठेतरी बंद करायची. मध्यम विषारी मातीवर स्वच्छ मातीचा थर देऊन पाऊस आणि माणूस दोघांनाही खालपर्यंत पोचू द्यायचं नाही. आणि सौम्य भागात झाडं, जिवाणू व वेळ यांच्यावर सोपवायचं. डुइसबुर्गला तिन्ही झालं. सर्वांत घातक भागातली बांधकामं पाडावी लागली, काही दूषित माल जुन्या कोठ्यांत कोंडून वरून बंद केला गेला, आणि उरलेल्या मळीच्या ढिगांवर निसर्गाला मोकळं सोडलं.

आणि निसर्गाने तिथे गंमत केली. मळी आणि कोळशाच्या चुऱ्याची ती जमीन म्हणजे बागकामाच्या दृष्टीने वाळवंट: नत्र नाही, पाणी धरत नाही, उन्हात तापते. पण बर्च झाडाचं बी हलकं, वाऱ्यावर येतं आणि अशाच उजाड जागी रुजतं. त्याच्या सावलीत मग दुसरी झाडं. लोहखनिज जगभरातून यायचं, त्याच्याबरोबर दूरदेशीचं बीही आलं होतं. त्यांतलं काही तिथेच रुजलं. आज या जुन्या कारखान्यात शेकडो जातींच्या वनस्पती नोंदलेल्या आहेत, आजूबाजूच्या नीटनेटक्या शेतांपेक्षा कितीतरी जास्त. गेल्सनकिर्शेनमध्ये तर राईनएल्बे खाणीच्या जागेवर उगवलेल्या अशा रानाला वनखात्याने ‘औद्योगिक वन’ म्हणून हाती घेतलं. लागवडीचा खर्च जवळपास शून्य. काम फक्त वाटा मोकळ्या ठेवण्याचं आणि मुलांना आत फिरवण्याचं. रोपांच्या निविदा काढून मगच ‘हरितीकरण’ सुरू होतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे जरूर बघावं.

पाण्याची युक्तीही तशीच. कारखान्याच्या आवारातून एम्शरचा एक जुना फाटा, म्हणजे अर्थातच गटार, वाहत होता. मैला जमिनीखाली मोठ्या वाहिनीत घातला आणि वरच्या काँक्रीटच्या पाटात छपरांवरचं पावसाचं पाणी सोडलं. वाहिनीवर मातीचं आच्छादन घातल्यामुळे विषारी तळ वरच्या पाण्यापासून तुटला.

पूर्ण एम्शरचं काम मात्र वेगळ्याच आकाराचं होतं. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर एम्शर खोऱ्यातली जमीन खचायची थांबली, आणि बंद वाहिन्या टाकणं शक्य झालं. 1992मध्ये काम सुरू झालं. शेकडो किलोमीटरच्या नव्या वाहिन्या आणि मुख्य नदीला समांतर, काही ठिकाणी चाळीस मीटर खोल, डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत 51 किलोमीटरचा सांडपाणी कालवा. खर्च साडेपाच अब्ज युरोच्या घरात. 2021च्या अखेरीस एम्शरमध्ये मैल्याचा शेवटचा थेंब पडायचा थांबला. तीस वर्षं. सरकारं बदलली, काम चालू राहिलं, कारण ते 1899च्याच संस्थेकडे होतं आणि सभासदांच्या वर्गणीतून तिला पैसा मिळत होता.

तरी सगळं संपलं असं समजू नये. खचलेली जमीन वर येत नाही. रूरचा मोठा भाग आता भोवतालच्या नद्यांपेक्षा खाली आहे, म्हणून पाणी उपसणारे पंप कायमचे चालवावे लागतात. खाणींच्या या कधीच न संपणाऱ्या देण्यांसाठी 2007मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं आणि त्याच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून दरवर्षी कोट्यवधी युरो त्यावर खर्च होतात. सायकलवाटेवरून जाणाऱ्याला हे पंप दिसत नाहीत. ते थांबले तर सायकलवाटही दिसणार नाही.

फिनिक्स, तिथला आणि इथला

मग रूर सावरलं का? इथे उत्साह थोडा आवरायला हवा. हवा स्वच्छ झाली, 2017मध्ये एसेन शहर युरोपची हरित राजधानी ठरलं, एसेनचीच त्सोलफेराइन खाण त्याआधी युनेस्कोच्या यादीत गेली, विद्यापीठं आणि कचेऱ्या आल्या. पण पाच लाख खाणकामगारांच्या जागी पाच लाख बागमजूर लागत नाहीत. गेल्सनकिर्शेन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेकारी असलेल्या शहरांमध्ये मोजलं जातं. हिरवळीने गावाला राहण्याजोगं केलं; रोजगार आणून देणं हे तिचं काम नव्हतं आणि तिने ते केलंही नाही.

दुसरा पेच डॉर्टमुंडच्या हॉर्डे भागात बघायला मिळतो. तिथे फिनिक्स नावाचा पोलाद कारखाना होता. 2001मध्ये तो बंद पडला. एका चिनी कंपनीने तो विकत घेतला, चीनहून शेकडो कामगार आले आणि त्यांनी सगळा कारखाना सुटा करून, खुणा घालून, जहाजात भरून नेला. रिकाम्या जागेत 24 हेक्टरचं तळं केलं गेलं. 2010मध्ये पाणी भरायला सुरुवात झाली, पुढच्या वर्षी तळं लोकांसाठी खुलं झालं. शेजारून मोकळी झालेली एम्शर वाहते, पुराचं पाणी आलं तर तळं ते पोटात घेतं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने काम देखणं आहे. पण तळ्याच्या उतारावर भूखंड पाडून विकले गेले, त्यावर पांढरीशुभ्र महागडी घरं आली, आणि पाच-दहा मिनिटं चालत गेलं की जुन्या हॉर्डेची कामगार वस्ती, जिच्या नशिबी पूर्वी भट्टीचा धूर होता आणि आता भाडेवाढीची धास्ती आहे. तळ्याभोवतीची वाट सगळ्यांना खुली आहे, हे न्यायाने सांगायला हवं. रविवारी जुनं हॉर्डेही तिथेच फिरतं. राहायला मात्र दुसरी माणसं आली.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनची कथा याचीच मोठी आवृत्ती. 1980पासून बंद पडलेला उंचावरचा मालगाडीचा मार्ग, 2009पासून टप्प्याटप्प्याने त्यावर बाग, शेजारी अब्जावधींची बांधकामं. ज्या दोघा रहिवाशांनी ही चळवळ सुरू केली त्यांच्यापैकी रॉबर्ट हॅमंड यांनीच नंतर जाहीरपणे कबूल केलं की शेजारच्या सरकारी चाळवजा वसाहतींतल्या लोकांसाठी आपण कमी पडलो. आराखड्याबद्दल आपण विचारलं, त्यांना काय हवं ते विचारलं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आणि आपला फिनिक्स? लोअर परळची फिनिक्स मिल, आज तिथे मॉल आहे. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि गिरणगावात गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत, 58 क्रमांकाच्या नियमात, त्यावर एक उत्तर होतं: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. कागदावर हे उत्तर रूरच्या जमीन निधीपेक्षाही सरस होतं, कारण विकत काहीच घ्यावं लागणार नव्हतं. 2001मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच करायची, असं ठरलं. गिरण्यांच्या आवारात शेड आणि इमारतीच जास्त. त्यामुळे वाटणीला आलेली जमीन एकदम आक्रसली. पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल मान्य केला नाही, पण 2006च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. एका शब्दाच्या फेरफाराने परळ-लालबागच्या पोरांची किती मैदानं गेली, याचा हिशेब दादरहून लोअर परळकडे जाताना लोकलच्या खिडकीतून कोणालाही करता येतो.

सोळाशे डॉलरचा तुकडा

मोठ्या बागा आल्या की भाव चढतात आणि गरिबाला गाव सोडावं लागतं, म्हणून बागाच नकोत असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला फिलाडेल्फिया दाखवावं. 1950मध्ये या शहरात वीस लाखांवर लोक होते. मग गिरण्या, कारखाने गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आणि शहराच्या उत्तर आणि पश्चिम भागांत घरं ओस पडून पाडली गेली. त्यांच्या जागी राहिले रिकामे तुकडे, एकेका घराच्या रुंदीचे, संख्येने चाळीस हजारांच्या घरात. गुडघाभर तण, टायर, गाद्या, सुया. तणात पिस्तूलही लपवायला सोपं, पोलिसांनी झडती घेतली तर अंगावर काही सापडत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या बागायत संस्थेने पालिकेच्या मदतीने या तुकड्यांवर एक अगदी साधा इलाज सुरू केला. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत पेरायचं, दोन-चार झाडं लावायची आणि कडेने कमरेएवढं लाकडी कुंपण घालायचं. कुंपणाला एक फट ठेवायची, म्हणजे माणूस आत येईल पण कचऱ्याचा ट्रक येणार नाही. खर्च एका तुकड्यामागे सुमारे 1,600 डॉलर. वर दरवर्षी देखभालीचे सुमारे 180 डॉलर, कारण उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा गवत कापावंच लागतं. ते काम बऱ्याच ठिकाणी वस्तीतल्याच मंडळींना आणि छोट्या कंत्राटदारांना दिलं गेलं.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं हे तपासायला संशोधक चार्ल्स ब्रानस, युजिनिया साउथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाची चाचणी घेतात तशी चाचणी घेतली. 541 रिकामे तुकडे घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले. काहींवर पूर्ण इलाज, काहींवर फक्त कचरा उचलणं आणि गवत कापणं, काहींवर काहीच नाही. 2018मध्ये निष्कर्ष छापून आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, इलाज केलेल्या जागांभोवती बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी घटले. गुन्हे शेजारच्या गल्लीत सरकले, असंही दिसलं नाही. हिरव्या तुकड्यांजवळ राहणाऱ्यांत मन खचल्याची तक्रार 41 टक्क्यांहून अधिक कमी झाली. कुतूहलाची गोष्ट अशी, की नुसता कचरा उचलल्याने गुन्ह्यांवर बराच परिणाम झाला, पण मनःस्थितीवर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. तिथे गवत आणि झाडच लागलं.

या प्रयोगात वास्तुरचनेची स्पर्धा नाही, दिव्यांची रोषणाई नाही, पर्यटक तर मुळीच नाहीत. तुकडा इतका लहान आणि साधा की त्याला बघून कोणी टॉवर बांधायला धावत नाही. त्याचा उपयोग समोरच्या घरातल्या आजींना होतो, ज्या आता संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकतात. आणि तो उपयोग टिकतो तो दरवर्षीच्या 180 डॉलरवर. आपल्याकडे बाग उभी करायला आमदार निधी, नगरसेवक निधी, सगळं मिळतं, कारण उद्घाटनाची फीत कापता येते. चौथ्या वर्षीच्या मे महिन्यातलं पाणी, माळ्याचा पगार, तुटलेली जाळी यांना फीत नसते. म्हणून बागेला कुलूप लागतं आणि कुलपाआड पुन्हा तणच वाढतं.

मुंबईत या सगळ्याचं एक उदाहरण धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर आहे. शहराचा कचरा टाकून झालेली सुमारे 37 एकरांची जागा. 1980च्या दशकात, सालिम अलींसारख्यांच्या पुढाकाराने, कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून झाडं लावायला सुरुवात झाली. 1994मध्ये ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून खुलं झालं. आज तिथे आत शिरलं की शीवच्या बाजूची वाहनं ऐकू येतात पण दिसत नाहीत. फुलपाखरं मोजायला शाळांच्या सहली येतात, आणि खाली जुना कचरा आहे हे कळायला कोणी सांगावंच लागतं. पलीकडे देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एक, वांद्रे-कुर्ला संकुल. अलीकडे धारावीच्या पुनर्विकासाची हालचाल सुरू झाल्यावर या उद्यानाच्या जमिनीचं काय होणार, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला, आणि उद्यान प्रकल्पातून वगळलेलं आहे, असं तिथे सरकारी बाजूला सांगावं लागलं. झाडं तोवर तीस-चाळीस वर्षांची झाली होती.